जाड रुपयांची ट्रंक

नागरवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराला रस्त्याकडे एक रुंद खिडकी होती. त्या खिडकीतून आई सकाळी सेव-उसळ विकायची. दुकान म्हणावं असं काही नव्हतं. उसळीचं पातेलं, शेजारी तर्रीचं छोटं पातेलं, शेवेचा डबा, पावाच्या लाद्या आणि आई, एवढंच. रावपुऱ्यातल्या कचेऱ्यांत जाणारी माणसं स्कूटर कडेला लावून उभ्या उभ्या खायची. प्लेट साडेतीन रुपयांना, तिच्यात दोन पाव. वर पाव लागला तर आठ आणे. बाबा एका छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाचे टाइप जुळवायचे, आणि त्यांचा पगार मालकाच्या लहरीवर व्हायचा. घरभाडं आणि माझी अकरावीची फी त्या पातेल्यातूनच निघत होती.

आई ज्यावर बसायची ती लोखंडी ट्रंक माझ्या पणजोबांची. ते संस्थानच्या फौजेत शिपाई होते. गल्लीतल्या निम्म्या घरांचे पूर्वज तसेच. फौज गेली, ट्रंक राहिली, आणि पुढे कधीतरी तिच्यात गल्लीच्या गणपतीची नाणी ठेवायची पद्धत पडली. दहा दिवस आरतीच्या तबकात जी नाणी पडत, ती विसर्जनानंतर चिंचेच्या पाण्याने धुवायची, पुसायची आणि ट्रंकेत टाकायची. नोटा मांडवाला आणि मूर्तीला खर्च होत. नाणी मात्र मोडायची नाहीत, ती गल्लीच्या अडीनडीसाठी. म्हातारी माणसं सांगत की एका मोठ्या पुरात ट्रंक उघडली होती आणि त्या पैशांचं पीठ घरोघर गेलं होतं. त्यानंतर अडीनडी कशाला म्हणायचं हे कुणी ठरवलंच नाही, म्हणून ट्रंक भरत राहिली. ट्रंक आमची, म्हणून किल्ली बाबांकडे.

मी सांगते आहे तो काळ नव्वदनंतरचा. बाजार खुला झाला असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती आणि त्या खुल्या बाजारात सुट्टा रुपया मिळत नव्हता. बसचा कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून द्यायचा. वाणी रुपयाऐवजी दोन गोळ्या हातावर ठेवायचा. औषधवाला पोस्टाची तिकिटं द्यायचा. मग दुकानदारांनी स्वतःच्या चिठ्ठ्या छापून घ्यायला सुरुवात केली: 'रुपया एक. फक्त आमच्याच दुकानी चालेल.' त्यातल्या बऱ्याच बाबांनीच जुळवलेल्या. ते घरी येऊन हात धुताना म्हणायचे, "सरकार नाशिकला नोटा छापतं, आम्ही रावपुऱ्यात छापतो. आमची शाई चांगली."

नाणी कुठे जात होती हे गुपित नव्हतं. नवा रुपया पोलादाचा आणि हलका. जुना जाड रुपया तांब्याचा आणि निकेलचा. तो भट्टीत घातला की त्याच्या धातूला रुपयापेक्षा जास्त पैसे मिळत. म्हणजे रुपया जिवंत असेपर्यंत रुपया, आणि मेला की सव्वा. भंगारवाले तो वजनावर घेत. घेणारे होते म्हणून साठवणारे झाले. डब्यांत, पिशव्यांत, माठांत लोक जाड रुपये साठवू लागले आणि पोलादाचे रुपयेही, उद्या लागतील म्हणून, त्यांच्याच शेजारी बसून राहिले.

आई गोळ्या द्यायला तयार नव्हती. "त्याने मला पैसे दिले, मी त्याला पैसेच परत करणार," ती म्हणायची. "गोळी घेऊन तो उद्या माझ्याकडे पाव मागायला आला तर मी देईन का? नाही ना? मग ती गोळी पैसे कशी?" याच्यावर उत्तर नव्हतं, पण गिऱ्हाईकही नव्हतं. पाचाची नोट घेऊन माणूस यायचा, आई म्हणायची छुट्टे नाहीत, उद्या द्या. कुणी उद्या द्यायचे. कुणी लाजेने खिडकीसमोरून जाणंच बंद करायचे. गल्लीच्या तोंडाशी नवीन दुकान थाटलेल्या फरसाणवाल्याने गुलाबी चिठ्ठ्या काढल्या होत्या आणि वर गार पेयांच्या बाटल्या ठेवल्या होत्या. आमचे लोक तिकडे वळायला लागले.

वाटाणे किती भिजवायचे यावरून आम्हाला घरातली परिस्थिती कळायची. आधी पितळी घंगाळात भिजायचे. मग आईने मोठं पातेलं काढलं. श्रावणात ते पातेलंही माळ्यावर गेलं आणि कुकरच्या भांड्यात भिजायला लागले. दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर खिडकी बंद करायची आणि शहराच्या कडेला गोत्रीकडच्या सोसायट्यांत पोळ्या लाटायला जायचं, हे आईने बाबांना सांगितलं होतं. मला सांगितलं नव्हतं. पण दोन खोल्यांत न सांगितलेलं असं काही राहत नाही.

आणि हे सगळं ती रुपयांनी भरलेल्या ट्रंकेवर बसून सांगत होती. "छुट्टे नाहीत हो." रोज. खाली हात घातला की छुट्टेच छुट्टे.

त्या वर्षी विसर्जनानंतर गल्लीतल्या बायका आमच्या दाराशी नाणी धुवायला बसल्या होत्या. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष काका एका पाहुण्याला घेऊन आले. पाहुणा भंगाराचा मोठा व्यापारी होता. पांढरा स्वच्छ झब्बा, बोलणं मऊ. त्याने खिशातून लोहचुंबक काढलं आणि ओल्या नाण्यांवरून फिरवलं. नवे रुपये टकाटक चिकटले. जाड रुपये हलले नाहीत.

"जुओ," तो गुजरातीत, कौतुकाने म्हणाला. "नवा मां लोढुं. जूना मां तांबु, निकल. असली माल तो आ छे."

"आणि या असली मालाचं काय करता, शेठ?" बाबांनी विचारलं.

"भट्ठी," तो म्हणाला, जणू त्याला कुणी जेवलात का विचारलं होतं.

काका घाईने म्हणाले, "शंभर जाड रुपयांचे हे एकशे पंधरा देतात. पूर्ण ट्रंक घेतो म्हणतात. अरे, पलीकडच्या गल्लीने या वर्षी काय स्पीकर लावले होते, ऐकलंस ना? आपला भोंगा म्हणजे रॉकेलच्या गाडीवरचा वाटतो. नुकसान कुणाचं आहे यात, सांग मला."

काका वाईट माणूस नव्हते. मांडवाच्या दोऱ्या ते स्वतः बांधायचे आणि गल्लीतल्या कुणाच्याही दवाखान्याला पहिले धावायचे. त्यांना स्पीकर हवा होता. मला त्यांचा राग आला तो त्यामुळेच. इतका भला माणूस इतक्या सहज रुपया जाळायला निघतो, म्हणजे ही गोष्ट किती आत शिरली आहे, असं मला वाटलं.

बाबा एवढंच म्हणाले, "सभा घ्या. सभा म्हणाली तर किल्ली देतो."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवलं आणि पत्रक लिहायला बसले.

पत्रकं म्हणजे आमच्या घरात वाणसामानासारखी होती. बाबांच्या कामगार संघटनेची, भाडेकरूंची, शाळा वाचवा म्हणणाऱ्यांची, नळाला पाणी द्या म्हणणाऱ्यांची. ती छापखान्यात उरत आणि घरी येत. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो'पासून. मला गोष्टी वाचून दाखवल्या गेल्या नाहीत, मागण्या वाचून दाखवल्या गेल्या, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मागणी म्हणजे काय हे ज्याला लहानपणी कळतं त्याला मान खाली घालून मागायची सवय लागत नाही.

संध्याकाळी बाबांनी माझा कागद वाचला. पेन्सिल घेतली. "भांडवलशाही चार वेळा आली आहे," ते म्हणाले. तीन ठिकाणी काट मारली. "एक राहू दे तुझ्या समाधानासाठी." मग त्यांनी मला त्यांचा जुना नियम पुन्हा सांगितला: माणूस स्कूटरला किक मारतो आहे, तेवढ्यात वाचून झालं पाहिजे. पहिल्या ओळीत काय होतं आहे ते, दुसऱ्या ओळीत आपण काय करायचं ते.

शेवटी उरलं ते असं:

'आपल्या गणपतीच्या ट्रंकेतले रुपये वितळवण्यासाठी विकायचे घाटते आहे. ते विकू नका, वापरा. अडीनडी म्हणजे फक्त पूर नव्हे. दुधाला गेलेली बाई रुपयाऐवजी गोळी घेऊन परत येते, ही अडीनडी आहे. ट्रंक उघडा. नोट द्या, तेवढीच नाणी घ्या. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही.'

खाली भांडवलशाही एकदा होती.

बाबांनी ते लग्नपत्रिकांच्या उरलेल्या कागदावर छापलं. जाड, हळदी रंगाचा, कडेला सोनेरी वेल. सगळ्या गल्लीने ते कुणाचं तरी लग्न निघालं म्हणून उत्सुकतेने उघडलं आणि त्यामुळे शेवटपर्यंत वाचलं. त्यानंतर मी बरीच पत्रकं लिहिली. इतकं वाचलं गेलेलं एकही नाही.

सभा मारुतीच्या ओट्यावर भरली. मी उभी राहिले आणि बोलले. आवाज चढला असणार, कारण मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अगं हळू, मारुती उठेल." लोक हसले. मग काका उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, बाबांकडे पाहून बोलले.

"पोरगी छान बोलते. पण स्पष्ट बोलू का? ट्रंक यांच्या घरात. किल्ली यांच्याकडे. आणि सुट्ट्यांची गरज सगळ्यात जास्त कुणाला? यांच्याच खिडकीला. गल्लीच्या नावाने ही खटपट कुणासाठी चालली आहे, ते सगळ्यांना दिसतं आहे."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पत्रकातलं होतं. तितक्यात आई उठली. आई सभेत कधी बोलली नव्हती. तिने पदर खोचला, जसा ती पातेलं उतरवताना खोचायची.

"भाऊजी खरं बोलले," ती म्हणाली. "मला सुट्टे पाहिजेत. ते नाही मिळाले तर दिवाळीनंतर माझी खिडकी बंद होणार आहे. मी रोज सकाळी त्या ट्रंकेवर बसते. त्यातून एक रुपया काढला असता तर कुणाला कळलं नसतं. किल्ली माझ्याच घरात खुंटीला असते. मी काढला नाही. आज मागते आहे. सगळ्यांदेखत, नोट देऊन, आणि जेवढे शेजारणीला मिळतील तेवढेच."

ती खाली बसली. शेजारच्या मावशींनी पहिला हात वर केला. मग हात वर होत गेले. काकांनी ते मोजले नाहीत. म्हणाले, "ठीक आहे वहिनी. पण आठ दिवस बघू. नाणी बाजारात फिरली नाहीत तर उरलेली शेठला जाणार."

त्या आईच्या पोटी जन्म घेतल्याचा अभिमान मला त्या ओट्यावर पहिल्यांदा लख्ख कळला. पुढे मी मोठमोठ्या व्यासपीठांवर मोठमोठी माणसं ऐकली. आपला स्वार्थ असा उघडा करून, ताठ मानेने, सगळ्यांच्या हिताला जोडून दाखवणारं बोलणं मी पुन्हा फारसं ऐकलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही ट्रंकेसमोर टेबल लावलं. घरटी वीस रुपये, जास्त नाहीत, म्हणजे कुणी शेठचा माणूस नोटांची पुडकी घेऊन येणार नाही. लोक अंघोळ करून आले. हे मला जरा विचित्र वाटलं, पण रविवार होता म्हणून मी सोडून दिलं. दोन्ही हातांची ओंजळ करून रुपये घेत होते. दुपारपर्यंत निम्मी ट्रंक रिकामी झाली. आईनेही रांगेत उभं राहून आपले वीस घेतले.

सोमवारी खिडकी उघडली. आईचे वीस रुपये तासाभरात गेले आणि परत एकही आला नाही. गल्लीतले लोकसुद्धा नोटाच घेऊन आले. मंगळवारी तेच. बुधवारी वाण्याने मला रुपयाऐवजी दोन गोळ्या दिल्या आणि ट्रंक रिकामी झाली का म्हणून वर विचारलं, "तमारी ट्रंक खाली थई गई के शुं?"

काका खिडकीशी येऊन उभे राहिले. टोमणा मारला नाही, ते जास्त लागलं. "वहिनी," ते म्हणाले, "भंगारात गेले ते. लोक शेवटी लोकच."

मी घरोघर जायचं ठरवलं. कुणी विकले ते तोंडावर विचारणार होते. पहिलं घर मावशींचं. त्या देवपूजा करत होत्या, म्हणून मी दारात थांबले. थांबले आणि दिसलं. देवघरात, अन्नपूर्णेच्या शेजारी, वाटीत तांदूळ, तांदळावर वीस जाड रुपये. प्रत्येकाला हळदकुंकू.

"मावशी, हे काय?"

"काय म्हणजे? बाप्पाच्या तबकातले आहेत ते. खर्च कसे करायचे गं?"

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी गल्ल्यात, लाल फडक्यात बांधलेले. शिंपीकाकांनी शिलाई मशीनच्या खणात ठेवले होते, गिऱ्हाईक वाढावं म्हणून. एका घरात मुलीच्या रुखवतासाठी वेगळे काढले होते. एकही रुपया विकला गेला नव्हता. शेठच्या भट्टीपासून आम्ही ट्रंक वाचवली होती आणि आमच्या गल्लीने तिच्या शंभर छोट्या ट्रंका करून त्यांना उदबत्ती लावली होती. ज्यांनी रुपये अंगावरचा मळ काढून, ओंजळीत घेतले, त्यांनी ते खर्चायला घेतलेच नव्हते.

मी घरी आले ती पेटूनच. अंधश्रद्धेवर एक पान लिहिलं. धारदार होतं, आजही मला त्यातली दोन वाक्यं पाठ आहेत. बाबा ते वाचून काही बोलायच्या आत आईने मागितलं. पाव कापता कापता वाचलं.

"हे वाचून मावशी तुला चहा द्यायच्या बंद होतील," ती म्हणाली. "रुपये नाही काढणार."

"मग काय करायचं? आरती करायची रुपयांची?"

"त्यांना तो प्रसाद वाटतो ना? वाटू दे. प्रसाद कुणी डब्यात भरून ठेवतं का? वाटतात. ठेवला तर त्याला मुंग्या लागतात."

मी बाबांकडे पाहिलं. मला हे पटत नव्हतं. देवाचं नाव घेऊन लोकांकडून चांगलं काम करून घेणं म्हणजे हार मानणं, असं मी तेव्हा मानत होते. पुष्कळसं आजही मानते. बाबा म्हणाले, "त्यात खोटं काही आहे का ते सांग. खोटं असेल तर मी जुळवणार नाही."

मी खूप शोधलं. सापडलं नाही. देणाऱ्यांनी ते पैसे सगळ्यांसाठीच तबकात टाकले होते. सगळ्यांकडे ते गेले पाहिजेत, हे माझंच म्हणणं होतं. आईने ते फक्त मावशींच्या घरातल्या शब्दांत सांगितलं होतं.

दुसरं पत्रक तीन ओळींचं झालं. 'बाप्पाचा रुपया हा प्रसाद आहे. प्रसाद साठवायचा नसतो, वाटायचा असतो. आपल्या घरातला रुपया उद्या सकाळी पुढच्या हाती द्या.' भांडवलशाही एकदाही नव्हती. बाबांनी विचारलं, घालू का एक? मी नको म्हटलं.

ते वाटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खिडकीशी सगळ्यात आधी मावशी आल्या. हातात ती वाटी, तांदळासकट.

"एक प्लेट दे. आणि वर एक पाव. चार रुपये ना? हे घे. देवाचे आहेत, नीट ठेव."

"ठेवणार नाही मावशी. पुढचा येईल त्याला देणार."

"तेच म्हणते आहे मी," मावशी जरा चिडूनच म्हणाल्या, जणू हे त्यांनीच आईला आधी शिकवलं होतं.

पुढचा एक कचेरीतला माणूस होता, पाचाची नोट हातात घेऊन, 'नाही' ऐकायची तयारी करून उभा. आईने त्याला साडेतीन रुपयांच्या प्लेटवर एक पाव वाढला आणि कुंकवाचा एक रुपया परत दिला. तो तळहातावर घेऊन बघत राहिला. "बेन, आ तो पूजानो छे," तो म्हणाला. आई म्हणाली, "हो. तुम्हीही कुणाला तरी द्या."

दोन-तीन दिवसांत लाल डाग पडलेले जाड रुपये सगळीकडे फिरत होते. वाण्याकडे, दूधवाल्याकडे, रावपुऱ्याच्या पोस्टात. बसच्या कंडक्टरने एकदा माझ्या हातावर तसाच रुपया ठेवला आणि म्हणाला, "नागरवाडाना छे, लागे छे." मी त्याला सांगितलं की मी तिथलीच. त्याने माझं तिकीट काढलं ते काढलंच, पण मान तुकवली. लोक ते विकायला कचरत, कारण भट्टीत प्रसाद कोण टाकणार. काही गेलेच असतील. शेठ काही धंदा बंद करून बसला नव्हता, आणि आमच्या एका गल्लीमुळे देशाची टंचाई सुटली असंही मी म्हणणार नाही. पण आठ दिवस संपले तेव्हा काका आले, उरलेल्या निम्म्या ट्रंकेकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा टेबल लावू. मी बसतो." स्पीकरचं त्यांनी नाव काढलं नाही.

वाटाणे पुन्हा मोठ्या पातेल्यात भिजायला लागले. दिवाळीच्या आदल्या दिवशी घंगाळ उतरलं. गोत्रीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पुढच्या गणपतीत पहिल्या आरतीनंतर काकांनी तोच जुना भोंगा हातात घेतला आणि जाहीर केलं की या मंडळात तबकातली नाणी यापुढे दर सकाळी गल्लीत वाटली जातील, नोट द्या आणि घ्या, कारण प्रसाद साठवायचा नसतो. असं बोलले, जणू हे त्यांना स्वप्नात सुचलं असावं. मी बाबांना कोपर मारलं.

"म्हणू दे त्यांना," आई म्हणाली. "स्वतःचं वाटलं तरच टिकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तबकातल्या नाण्यांचं भांडं घेऊन मी आधी आमच्या खिडकीशी गेले. आई पाव कापत होती. बाहेर रांग होती. तिने भांड्यात नुसतं डोकावून पाहिलं.

"दूधवाल्याकडे ने आधी," ती म्हणाली. "आपल्याकडे आज पुरेसे आहेत."